जुनी मांजर आणि शेल्टरमधून आणलेली नवी मांजर: पुन्हा पुन्हा भांडणं होत असतील तर

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. शेल्टरमधली मांजर घरी येते, तीन-चार दिवस एका खोलीत राहते, मग दार उघडलं जातं. दोघी लांबून एकमेकींना बघतात, थोडं फिसकारतात, आणि सगळं मार्गी लागलं असं वाटतं. आठवड्याभरात एका संध्याकाळी एकदम किंचाळ्या, जमिनीवर केसांचे पुंजके, नवी पलंगाखाली आणि जुनी पलंगासमोर दबा धरून. पुन्हा दार बंद. दोन दिवसांनी उघडलं की पुन्हा तेच.

यावरून ‘दोघींचे स्वभावच जुळत नाहीत’ असं ठरवण्याची घाई करू नका. तसं असतंही, पण बहुतेक घरांत अडचण वेगळी असते: नजरानजर आधी झालेली असते आणि वासाची ओळख मागे राहिलेली असते. आपलं कोण आणि परकं कोण हे मांजर मुख्यतः नाकाने ठरवते. एकमेकींशी पटणाऱ्या मांजरी गाल आणि अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात. तो वास नसलेली मांजर अचानक समोर आली की ती घुसखोर ठरते. शिवाय भांडणानंतर दिलजमाई करण्याची रीत मांजरांमध्ये फारशी नाही. भांडण झालं की त्या अंतर राखतात, आणि अंतर राखायला जागा नसेल तर पुढचं भांडण आधीच्यापेक्षा लवकर पेटतं. म्हणून दोन दिवस वेगळं ठेवून त्याच टप्प्यावर परत आल्याने काही सुटत नाही. पंजे चालले असतील तर खाली दिलेल्या पाच टप्प्यांपैकी किमान दोन टप्पे मागे जा; जखम झाली असेल तर अगदी पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करा.

भांडण पेटलेलं असताना

मध्ये हात घालू नका. जाड पुठ्ठा, मोठी उशी किंवा ट्रे दोघींच्या मधे उभा सरकवा. नजर तुटली की बहुधा एक जण पळते. तिला पळू द्या आणि दुसरीच्या वाटेत दार लावून घ्या. चवताळलेल्या मांजरीला उचलून कुशीत घेऊ नका. त्या क्षणी जे समोर येईल त्याला ती चावते. हा ताव उतरायला काही तास, कधीकधी एक-दोन दिवस लागतात. मंद उजेडाची शांत खोली, पाणी, लिटर बॉक्स (शी-शूचं खोकं), आणि तिला एकटं सोडणं, एवढंच करा.

शांत झाल्यावर दोघींच्या अंगावरून बोटं फिरवून बघा, विशेषतः मान, पाय आणि शेपटीचं मूळ. मांजरीचे दात सुईसारखे बारीक असतात. वरचं भोक लगेच बुजतं, जंतू आत राहतात आणि दोन ते पाच दिवसांत गळू होतं. दुखरा फुगवटा, सुस्ती किंवा खाणं कमी झालेलं दिसलं तर पशुवैद्याकडे न्या. तुम्हाला चावली असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हातावरचा मांजरीचा चावा वरून किरकोळ दिसतो आणि आत वेगाने चिघळतो. रेबीजच्या लसीचं काय करायचं तेही डॉक्टरच ठरवतील.

ओळखीच्या आधी तब्येत

ओळख फसण्याचं एक कारण खोलीत नसतं, शरीरात असतं. शेल्टरमध्ये दाटी आणि ताण दोन्ही असल्यामुळे सर्दीचे विषाणू सर्रास असतात. त्यातला हर्पीस विषाणू एकदा शिरला की अंगात दबून राहतो आणि घर बदलण्याच्या ताणाने पुन्हा डोकं वर काढतो. शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक चोंदणं सुरू होतं. नाक चोंदलेल्या मांजरीला दुसरीचा वासच नीट येत नाही, मग वासाची ओळख होणार कशी?

म्हणून नव्या मांजरीला निदान १४ दिवस वेगळं ठेवा. त्या काळात पशुवैद्याकडून एवढं करून घ्या: विष्ठेची तपासणी, जंत आणि पिसवांवरचं औषध, एफआयव्ही (मांजरींची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) आणि एफईएलव्ही (मांजरींमधल्या ल्युकेमियाचा विषाणू) यांची रक्ततपासणी, आणि राहिलेलं लसीकरण. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यांतून पसरतो, तर एफईएलव्ही लाळेतून, म्हणजे एकमेकींना चाटण्यातून आणि एकाच भांड्यातून खाण्यातूनही. दोन अनोळखी मांजरींची गाठ घालण्याआधी ही तपासणी टाळणं धोक्याचं आहे. अलीकडेच लागण झाली असण्याची शक्यता असेल तर एफईएलव्हीसाठी ३० दिवसांनी आणि एफआयव्हीसाठी ६० दिवसांनी फेरतपासणी करतात. कानांवर, चेहऱ्यावर किंवा पायांवर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकतं. ते माणसालाही होतं, आणि बरं झाल्याचं पशुवैद्याने सांगेपर्यंत दार उघडायचं नाही. जुन्या मांजरीच्या लसी वेळेवर झाल्या आहेत का, हेही याच वेळी बघा.

नवा बोका असेल आणि त्याची नसबंदी नुकतीच झाली असेल, तर महिना-दीड महिना थांबलेलं बरं. शस्त्रक्रिया झाली म्हणून वागणं दुसऱ्या दिवशी बदलत नाही. आधीच्या हार्मोनचा जोर ओसरायला तेवढा वेळ लागतो.

जुनी मांजर एरवी शांत आणि आता एकाएकी आक्रमक झाली असेल तर तिलाही तपासून घ्या. दातदुखी, सांधेदुखी, उतारवयातला थायरॉइडचा विकार, लघवीचा त्रास यांपैकी काहीही असलं तरी ती जवळ येणाऱ्यावर पंजा उगारते. आणि एक गोष्ट मुळीच लांबणीवर टाकू नका: बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाही, तर त्याचा मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. तणावात हे होतं. काही तासांत जिवावर बेतणारी ही अवस्था आहे, सकाळची वाट बघू नका.

पहिला टप्पा: वेगळी खोली

जुन्या मांजरीची सगळ्यात आवडती खोली नव्या मांजरीला देऊ नका. भांडणाची सुरुवात तिथूनच होते. लिटर बॉक्स एका टोकाला, खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला. लपायला खोका द्यायचा तर त्याला दोन तोंडं करा, म्हणजे आत बसलेलीला कोंडल्यासारखं वाटत नाही. चढून बसायला काहीतरी उंच आणि नखं घासायला खांब हवाच. दाराखालच्या फटीतून पंजे घालणं आणि तासन्‌तास रोखून बसणं चालू असेल तर फटीत टॉवेल खोचा. ‘बघत तर आहेत, ओळख होईल’ असं वाटतं, पण फटीशी दबा धरणं म्हणजे ओळख नव्हे.

इथून पुढे जाण्याची खूण कॅलेंडरवर शोधू नका. नवी मांजर नीट खाते, लिटर वापरते, तुम्ही आत गेल्यावर शेपूट उभी करून पुढे येते किंवा निदान लपायला पळत नाही, खेळायला लागते, ही खरी खूण. काही चार दिवसांत रुळतात (तरी तब्येतीसाठीचे १४ दिवस पूर्ण करायचेच), काहींना महिना लागतो. नवी मांजर दडून बसते म्हणून ‘जुनीची सवय व्हावी’ या हेतूने दार उघडून ठेवणारे लोक तिचं नुकसानच करतात. तिने २४ तास काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला फोन करा. उपाशी राहिलेल्या मांजरीच्या, त्यातही लठ्ठ मांजरीच्या, यकृतात चरबी साठून गंभीर आजार होतो. पिल्लू असेल तर एवढीही वाट बघू नका.

दुसरा टप्पा: वास

सगळ्यात जास्त घाई इथेच होते, आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे. पुढचं अर्धं काम हा टप्पा करून ठेवतो.

दोन स्वच्छ सुती फडकी किंवा मोजे घ्या, प्रत्येकीसाठी वेगळं. मांजर निवांत असताना तिच्या गालांवर, ओठांच्या कोपऱ्यांशी आणि हनुवटीखाली ते हलकेच फिरवा. मैत्रीच्या वासाच्या ग्रंथी तिथे असतात. पाठीवर किंवा शेपटीवर घासून तो वास मिळत नाही. मग एकीचं फडकं दुसरीच्या खोलीत जमिनीवर ठेवा. तिच्या अंगावर घासू नका, तोंडासमोर धरू नका, आणि पहिल्या दिवशी खाण्याच्या भांड्याखाली किंवा लिटरजवळही ठेवू नका. वास नकोसा वाटला तर ती त्या जागेलाच टाळायला लागते, आणि मग खाण्याची किंवा लिटरची नवीच अडचण उभी राहते. हुंगायचं की दुरून निघून जायचं हे तिलाच ठरवू द्या.

हुंगून दुर्लक्ष केलं, तर उत्तम. फडक्यावर गाल घासला, तर त्याहून उत्तम. तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ ओढून क्षणभर थिजली, तर तो राग नाही. टाळूतल्या खास अवयवापर्यंत वास नेण्याची ती पद्धत आहे. फिसकारली, तर फडकं आणखी लांब सरकवा आणि तिथेच राहू द्या. दोन-तीन दिवसांत बहुधा फिसकारणं थांबतं. वास शिळा होतो, म्हणून दर दिवशी पुन्हा गालांवर फिरवून घ्या. शांतपणे हुंगायला लागली की मग फडक्याशेजारी तिचा आवडता खाऊ ठेवायला हरकत नाही.

त्यानंतर अंथरुणं बदला, आणि मग खोल्या. जुनीला दुसऱ्या खोलीत बंद करून नवीला घरभर फिरू द्या, आणि जुनीला नवीच्या खोलीत हुंगू द्या. सुरुवातीला अर्धा तास, पुढे दोन तासांपर्यंत. यातून नव्या मांजरीला घराचा नकाशा कळतो: कुठून पळायचं, कुठे चढायचं, लपायची जागा कुठे. हे माहीत नसलेली मांजर पहिल्या उघड्या भेटीत घाबरून कोपऱ्यात शिरते आणि पाठलागाला आमंत्रण देते. या काळात घर रोज उग्र वासाच्या द्रवाने पुसू नका आणि अंथरुणं धुवू नका. बसत आलेला वास तुम्हीच पुसून टाकता.

तिसरा टप्पा: बंद दाराच्या दोन बाजू

दोघींना एकाच वेळी खायला द्या, मधे बंद दार. भांडी दारापासून साधारण २ मीटरवर ठेवून सुरुवात करा. लागोपाठ दोन वेळा दोघींनी शांतपणे संपवलं, तर १५ ते २० सेंटीमीटर पुढे सरका. भराभर गिळणं, मधेच थांबून दाराकडे बघणं, कान मागे वळणं दिसलं तर अंतर जास्त कमी झालंय. मागच्या जागी परत जा.

भांडी दाराला चिकटेपर्यंत नेलीच पाहिजेत असं मुळीच नाही. एकत्र जेवण ही माणसांची आवड आहे; मांजर एकट्याने शिकार करून एकट्याने खाणारं जनावर आहे. अर्ध्या मीटरवर निवांत खात असतील तर तेवढं पुरे. पुढेही दोघींची भांडी एकमेकींना दिसणार नाहीत अशी कायमची ठेवलीत तर कुरबुरी कमी राहतील.

चौथा टप्पा: जाळीतून बघणं

दाराच्या जागी जाळी किंवा एकावर एक लावलेली दोन बेबी गेट चालतात. सुरुवातीला त्यावर चादर टाकून दोन-तृतीयांश भाग झाका. दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन ते पाच मिनिटं, दोन्ही बाजूंना खाऊ किंवा खेळ चालू असताना. सगळं ठीक चाललेलं असतानाच थांबवा. बिघडेपर्यंत वाट बघायची नाही.

लक्ष नजरेकडे ठेवा. फिसकारणं हे ‘लांब राहा’ असं सांगणं आहे, त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते गप्प राहून रोखणं: पापणी न हलवता दोन-तीन सेकंदांहून जास्त बघणं, अंग खाली, शेपटीचं टोक हलतंय, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कान आडवे. तेवढ्यात मधे पुठ्ठा धरा आणि खेळण्याने लक्ष दुसरीकडे वळवा. हाक मारून रागावू नका. बघून नजर वळवणं, डोळे हळू मिटणं, अंग चाटणं, कुशीवर लवंडणं या चांगल्या खुणा.

नवीला कॅरिअरमध्ये कोंडून जुनीसमोर ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो पाळू नका. पळता न येणाऱ्या मांजरीला समोरचीची फक्त भीतीच शिकायला मिळते, आणि कॅरिअरचीही.

पाचवा टप्पा: उघडी भेट

आदल्या दिवशी दोघींची नखं कापा. भेटीआधी दोघींना वेगवेगळं दमेपर्यंत खेळवा आणि पोटभर खायला द्या. दोन माणसं असावीत, प्रत्येकाच्या हातात लांब काठीचं खेळणं. खोलीला बाहेर पडायच्या दोन वाटा असाव्यात, चढायला निदान दोन उंच जागा असाव्यात, पलंगाखालची जागा बंद केलेली असावी आणि पुठ्ठा हाताशी असावा. पाच ते दहा मिनिटं, मग पुन्हा वेगळं. रोज थोडं वाढवत न्या. नजरेआड एकत्र सोडणं सगळ्यात शेवटी. त्याआधी निदान दोन आठवडे तुमच्यासमोर एकही पाठलाग झालेला नसावा.

तरीही अडतंय, तर कुठे?

*जाळीतून ठीक, उघड्यावर पाठलाग.* बहुधा एक तरुण आणि उत्साही, दुसरी वयस्क. तरुण मांजर खेळायला झेपावते, वयस्क पळते, आणि पळणारी गोष्ट दिसली की शिकारी वृत्ती जागी होते. तरुणीला दिवसातून दोन-तीन वेळा १० ते १५ मिनिटं चांगलं पळवा, शेवटी खाऊ द्या. वयस्क मांजरीला दुसरीला पोचता येणार नाही अशी एक जागा द्या. खेळ आणि भांडण यांतला फरक असा: खेळात आवाज जवळजवळ नसतो, नखं आत असतात, वर-खाली होण्याची पाळी बदलते आणि दोघी मधेच थांबून पुन्हा परत येतात. किंकाळ्या, उडालेले केस, कायम एकीनेच पळणं, हे भांडण.

*कित्येक आठवडे शांतता, आणि मग लिटरबाहेर लघवी.* इथे बहुधा मूक दादागिरी चालू असते. एक मांजर बोळाच्या तोंडाशी किंवा लिटरच्या वाटेवर नुसती आडवी पडून राहते. माणसांना ती आराम करतेय असं वाटतं, दुसरीचा रस्ता मात्र बंद होतो. मांजरींच्या संख्येपेक्षा एक जास्त लिटर बॉक्स हवेत, म्हणजे दोघींना तीन, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. एका रांगेत ठेवलेले तीन बॉक्स मांजरीच्या लेखी एकच. बॉक्सची लांबी मांजरीच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट, लिटरचा थर ५ सेंटीमीटरच्या आसपास, रोज निदान एकदा साफ. झाकणाचे बॉक्स काही काळ उघडे ठेवा; बाहेर पडताना गाठणं तिथे फार सोपं असतं. पाणी, खाणं, खांब आणि झोपायच्या जागाही अशाच विभागून ठेवा. लघवीची जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरने धुवा. अमोनियाचा द्रव वापरू नका, त्याचा वास लघवीसारखाच येतो. भिंतीवर उभ्याने, शेपूट थरथरवत फवारा मारत असेल तर ती हद्द आखणं आहे. तिथेही कारण हेच, जागेवरचा ताण. पण लघवीचा संसर्ग नाही ना, हे आधी तपासा.

*पशुवैद्याकडून आल्यावर एकाएकी वैर.* परत आलेलीच्या अंगाला औषधांचा आणि अनोळखी जनावरांचा वास असतो, त्यामुळे घरातली तिला ओळखत नाही. १२ ते २४ तास वेगळं ठेवा, तिच्या नेहमीच्या अंथरुणात झोपू द्या, मग दाराआडून खाणं देऊन एकत्र आणा.

*काही कारण नसताना हल्ला.* खिडकीबाहेर बघा. बाहेर फिरणारी मांजर दिसली, तिच्यापर्यंत पोचता आलं नाही, आणि राग शेजारी बसलेलीवर निघाला, असं वारंवार घडतं. खिडकीचा खालचा भाग अपारदर्शक कागदाने झाका. पण हल्ला झालेलीच्या मनात आता घरातली मांजरच धोका ठरली आहे, त्यामुळे खिडकी झाकूनही मागच्या टप्प्यांवर जावं लागतं.

मदतीच्या गोष्टी, आणि टाळायच्या

फेरोमोनचे (मांजरी एकमेकींना संदेश देतात त्या वासाच्या रसायनांचे) प्लगला लावायचे डिफ्यूझर दोन प्रकारचे मिळतात: एक गालांतल्या फेरोमोनची नक्कल, दुसरी पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीच्या फेरोमोनची. मांजरींमधल्या तणावासाठी दुसरा घ्या. एक डिफ्यूझर साधारण ५० ते ७० चौरस मीटरला पुरतो आणि बाटली महिनाभर चालते. सोफ्याच्या मागे किंवा पडद्याआड लावू नका. सगळ्याच मांजरींवर त्याचा परिणाम दिसत नाही, आणि टप्पे गाळले असतील तर तो ते भरून काढत नाही.

पाण्याचा फवारा, ओरडणं, मारणं हे पूर्ण बंद. मांजर त्या त्रासाचा संबंध समोरच्या मांजरीशी जोडते. सुगंधी तेलंही लावू किंवा दरवळवू नका, त्यातली बरीच मांजरींना विषारी असतात. भीती फारच असेल तर पशुवैद्य गॅबापेन्टिन किंवा फ्लुऑक्सेटिनसारखं औषध देऊ शकतात, पण मात्रा त्यांनीच ठरवायची. माणसांची औषधं मुळीच देऊ नका. पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते.

किती दिवस, आणि थांबायचं कधी

काही जोड्या महिन्याभरात जमतात, बऱ्याच जणींना दोन-तीन महिने लागतात. रोज दोन ओळी लिहून ठेवा: कोणता टप्पा, किती मिनिटं, कोणी रोखून बघितलं, कोणत्या जागी. आठवड्याने वाचलं की भांडणं ठरावीक वेळी किंवा ठरावीक दारातच होतात, हे बहुधा लक्षात येतं. शेवटी एकमेकींना चाटणाऱ्या मैत्रिणी झाल्या नाहीत तरी चालेल. एकाच घरात आपापल्या जागी निवांत राहणं, एवढं साधलं तरी खूप झालं.

पण सगळे टप्पे नीट करून, पशुवैद्य किंवा वर्तनतज्ज्ञाची मदत घेऊन, काही महिन्यांनीही जखमा होत असतील, किंवा एक मांजर दिवसभर लपून, अंगाचे केस चाटून काढत, वजन घटवत जगत असेल, तर तो दोघींवर अन्याय आहे. घर मोठं असेल तर आळीपाळीने कायमचं वेगळं ठेवता येतं. नसेल तर शेल्टरशी बोला. मांजर परत घेण्याची अट काय आहे, हे खरं तर आणतानाच विचारून ठेवायला हवं. परत देताना तुमच्या नोंदी सोबत द्या: ती माणसांशी कशी वागते, काय खाते, कोणतं लिटर वापरते, जाळीतून किती वेळ शांत राहिली, पहिला हल्ला कोणी आणि कशावरून केला, कोणती औषधं चालू आहेत. ‘मांजरींशी पटत नाही’ एवढंच लिहिलं तर तिला घर मिळणं अवघड होतं. ‘तरुण, अंगावर धावून येणाऱ्या मांजरीशी पटत नाही, एकटी असताना शांत आणि माणसाळलेली’ असं लिहिलं तर शेल्टरला तिच्यासाठी योग्य घर शोधता येतं.